माझ्या अंगावरची एकोणीस छिद्रं

मी एक जुनी कयाक आहे. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, चिंचोळी होडी. माणूस माझ्या पाठीवर पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाणी ओढतो. माझी लांबी साडेतीन मीटर, वजन एकतीस किलो. रंग पूर्वी पिवळाधमक होता, आता तो जुन्या वहीच्या पानासारखा झाला आहे.

मित्रांनो, माझा जन्म कसा झाला ते ऐकलंत तर तुम्हाला खरं वाटणार नाही. आधी मी रव्यासारखी बारीक प्लास्टिकची भुकटी होते. कारखान्यातल्या माणसाने ती भुकटी मोजून एका पोकळ लोखंडी साच्यात ओतली, साचा बंद केला आणि एका भल्यामोठ्या भट्टीत ढकलला. भट्टीत साचा हळूहळू फिरू लागला, आडवाही आणि उभाही, एकाच वेळी. मी आत घरंगळत होते. जिथे तापलेली भिंत लागे तिथे माझा एक थर चिकटे. वीस-पंचवीस मिनिटांनी साचा बाहेर काढून थंड केला, उघडला, आणि मी होते! आतून पोकळ, सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची, कुठेही सांधा नसलेली. माझ्या पोटात कुणाचा हात कधी गेला नव्हता, तरी आतली भिंत गुळगुळीत झाली होती. इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल पाण्याचं. पहिल्यांदा तलावात उतरले तेव्हा मी बरोबर एकतीस किलो पाणी बाजूला सारलं, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. आणि त्या सरकलेल्या पाण्याच्या बदल्यात तलावाने मला उचलून धरलं. वर माणूस बसला की मी आणखी थोडी खाली जाई, त्याच्या वजनाएवढं पाणी आणखी सरके. तलावाला हा हिशेब कुणी शिकवला, मला ठाऊक नाही. पण तो कधी चुकला नाही.

अकरा वर्षं मी तलावाकाठच्या होडीवाल्याकडे काम केलं. सुट्टीच्या दिवशी लोक येत, तासभर मला फिरवत, ओले होऊन हसत परत जात. "ही पिवळी चांगली आहे हं, डगमगत नाही," असं म्हणत. तेव्हा मी फुगून जायची. मग नव्या कयाक आल्या. त्यांना पाठ टेकायला गादी होती, बाटली ठेवायला खळगा होता. होडीवाल्याने मला शेडच्या मागे पालथं टाकलं. माझ्यावर आधी रंगाचे डबे आले, मग एक मोडकी शिडी. दुपारचं ऊन रोज त्याच एका बाजूवर पडे. तीन उन्हाळ्यांत ती बाजू फिकी आणि ठिसूळ झाली. पाणी काढायच्या बुचाच्या छिद्रातून शिरून माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला. बोलायला तेवढाच होता, पण तोही अबोल.

एके दिवशी काठीचा ठक ठक आवाज आला. साठीच्या पुढची एक बाई शिडी बाजूला सरकवून माझ्याकडे पाहत होती. तिने वाकून माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि कान लावला. मग पुढे सरकून दुसरी टिचकी, तिसरी.

"आत्या, कलिंगड घेतेयस का?" मागून एक तरुण मुलगी म्हणाली.

"गप गं चिमटे. तडा असला तर आवाज बदलतो," आत्या म्हणाली. "हिला तडा नाही."

ही आत्या सूक्ष्मदर्शक आणि नाजूक तराजू दुरुस्त करायची. चिमटी तिची भाची, शाळेत विज्ञान शिकवणारी. लहानपणी आत्याच्या कामाच्या टेबलावरचा चिमटा हातातून सोडायची नाही, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव मी कधी ऐकलंच नाही.

आत्याची एक गोष्ट मला घरी नेता नेता कळली. तीस वर्षं ती दर आठवड्याला नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे धरायची आणि परत सोडून द्यायची. मग गुडघे गेले. दोन्ही बदलले. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण शेवाळलेल्या दगडांवर, वाहत्या पाण्यात उभं राहायला साफ मनाई केली. वर्षभर तिची मासे धरायची काठी भिंतीला टेकून उभी होती. उभं राहून जमत नसेल तर बसून जमेल, हे चिमटीच्या डोक्यात आलं. ते बसणं माझ्यावर व्हायचं होतं.

तिची मासेमारी वेगळी होती, ती थोडी समजून घ्यायला हवी. एरवी गळाला जड आमिष लावतात आणि त्या वजनावर दोरी लांब जाते. आत्याच्या आमिषाला वजनच नव्हतं. नखाएवढ्या आकड्यावर पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून ती माशी तयार करायची. फुंकर मारली तर उडेल अशी. वजन होतं ते दोरीला. म्हणून फेकायची ती दोरी. काठी मागे नेली की दोरी मागे हवेत सरळ व्हायची. काठी पुढे आणली की ती उलगडत पुढे जायची आणि शेवटी ती पिसाची माशी पाण्यावर अलगद टेकायची. यासाठी दहा मीटर दोरी सुटी करून पायाशी वेटोळी घालून ठेवावी लागते. नदीत ती पाण्यावर तरंगत राहायची. आता ती माझ्या पाठीवर राहणार होती.

आत्याच्या अंगणात मला दोन स्टुलांवर ठेवलं. उघड्या दारातून तिची कामाची खोली दिसायची. भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली आणि त्या आकृतीवर तेच हत्यार टांगलेलं. एखादं काढलं की रिकामी काळी आकृती दिसे, म्हणजे ते कुठेतरी बाहेर आहे. आत्याचा नियम होता, न बघता हात लांब केला की हत्यार हातात आलं पाहिजे. चिमटी त्याच टेबलाशी वाढलेली. त्यामुळे दोघींनी मला कसं सजवलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्यांनी माझं कामाचं टेबल केलं.

काठ्या उभ्या करायला दोन नळ्या. जाळ्यासाठी आकडा, कात्रीसाठी आकडा, चिमट्यासाठी आकडा. माश्यांच्या डबीला कप्पा. बाटलीला कडं. पाण्याचा तापमापक. आणि आत्याने जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या पितळेतून स्वतः घडवलेली, हवी तशी वाकणारी भिंगाची दांडी. एकूण नऊ वस्तू, एकोणीस स्क्रू. ड्रिल माझ्या अंगात शिरलं तेव्हा भिरभिर आवाज होऊन पिवळी भुगरी उडाली. ज्या अंगाला सांधा नव्हता त्याला एकोणीस छिद्रं पडली. पण खरं सांगते, मला दुखलं नाही. मी कुणाला तरी हवी होते. आणि भिंगाची ती दांडी काय सुंदर होती! उन्हात चमकायची.

आत्याला उठबस सोपी जावी म्हणून माझी बैठकसुद्धा चार बोटं उंच केली.

आत्याचा मोठा भाऊ, म्हणजे चिमटीचे बाबा, हे सगळं दारात उभे राहून बघायचे. ते निवृत्त रुग्णवाहिका-चालक. माणसं कशाकशाने मरतात याची त्यांना फार माहिती होती.

"अगं, हे काय होडी आहे की भांड्यांचं दुकान?" ते म्हणाले.

"दादा, तुला यातलं काय कळतं?"

"बुडालेली माणसं कळतात. चौदा बाहेर काढलीत."

"मी पंधरावी नाही होणार."

"ते प्रत्येकालाच वाटतं."

पहिल्या सकाळी आम्ही तलावात उतरलो. आत्याच्या अंगात फुगीर जीवरक्षक जाकीट होतं, चिमटी शेजारी दुसऱ्या कयाकमध्ये. दादा थर्मास घेऊन काठावर. तलावाला जिथे ओढा येऊन मिळतो, तिथे तळ एकदम खोल जातो. काठावरून त्या जागी दोरी पोचत नाही. आत्याने मला तिथे नेलं आणि वर्षाने पहिल्यांदा दोरी फेकली.

मी त्या दोरीची सावली पाण्याखाली पाहिली. लांबलचक पिवळी दोरी आकाशात उलगडत जाताना तिची सावली तळावरच्या दगडांवरून सरकत गेली. इतकं मऊ काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या फेकीला मासा लागला. तो सुसाट निघाला आणि पायाशी पडलेली दोरी भराभर त्याच्यामागे उठू लागली. एक वेटोळं गेलं. दुसरं जाताना जाळ्याच्या आकड्यात अडकलं. दोरी ताणली. आत्याने ती सोडवायला उजवीकडे वाकून हात घातला, त्याच क्षणी माशाने उजवीकडेच ओढ घेतली. बैठक उंच, वजन वर, तोल बाहेर. मी माझ्याकडून फार प्रयत्न केला, मित्रांनो. पण पाण्याचा हिशेब आहे तो आहे. मी उलटले.

जाकिटाने आत्याला लगेच वर आणलं. चिमटीने तिला धरलं. दादा बुटांसकट छातीएवढ्या पाण्यात आले होते. ते नंतर बोलले, घरी, तिला गरम कपड्यांत गुंडाळून बसवल्यावर.

"आता अजून एकदाच," ते म्हणाले. "मी बरोबर असेन. पुन्हा असं काही झालं तर ही होडी जिथून आली तिथे जाईल. आणि तू मला वचन देशील, की पाण्याचं नाव काढणार नाहीस."

आत्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दिलं."

आठ दिवस कुणी माझ्याजवळ आलं नाही. आत्या खिडकीत बसायची, पण माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, परत रंगाचे डबे, परत ती शिडी.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर चिमटी आली. एका हातात आत्याची मासे धरायची काठी, दुसऱ्यात खडू. मला स्टुलांवर ठेवून ती माझ्या बैठकीत बसली आणि तिथे, कोरड्या अंगणात, दोरी फेकू लागली. मग पायाशी वेटोळी घालायची आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आणून उभ्या केलेल्या दादांना सांगायची, "बाबा, ओढा!"

"मी मासा आहे का?"

"आज आहात. जोरात ओढा."

दोरी जिथे अडकेल तिथे ती खडूची एक रेघ मारायची. वीस फेकी झाल्या तोवर खिडकीतली पाठ वळली होती.

"अगं, मनगट ढिलं काय सोडतेस? चाबूक आहे का तो?" आत्या आतून ओरडली.

"मग तू ये आणि फेक."

ठक ठक काठी बाहेर आली. उरलेल्या वीस फेकी आत्याने केल्या. चाळीस फेकींत दोरी तेहतीस वेळा अडकली. दोघी माझ्या अंगावरच्या रेघा मोजत बसल्या.

"जाळ्याचा आकडा, अकरा," चिमटी म्हणाली. आत्याने स्वतःच पाना घेतला आणि तो काढला. "कात्री, सात."

"कात्री लागते गं."

"सात, आत्या."

कात्रीचा आकडा गेला. नळ्या गेल्या, बाटलीचं कडं गेलं. प्रत्येक वस्तूसाठी आत्या थोडी भांडली आणि प्रत्येक वेळी हरली. शेवटी भिंगाची दांडी उरली. तिच्यापाशी एकच रेघ होती.

चिमटीने खडू खाली ठेवला. "ही राहू दे. एकदाच तर अडकली. तू महिनाभर खपलीस हिच्यासाठी."

आत्याने दांडी एकदा वाकवली, सरळ केली. पितळ आवाज न करता फिरलं. "त्या दिवशी तरी किती वेळा अडकली होती?" ती म्हणाली आणि तीनही स्क्रू काढले.

होडीवाल्याकडून फुटलेल्या कयाकच्या पट्ट्या आणून, तापवून, त्यांनी माझी एकोणीस छिद्रं बुजवली. मग माझ्या पोटात पाणी ओतून खालून कुठे ओल येते का ते पाहिलं. पोटातल्या कोळ्याने तेव्हा कायमचं घर सोडलं. बैठक दोन बोटं खाली आली. गुडघ्यांना थोडा त्रास होईल, पण तोल आत राहील. पुन्हा चाळीस फेकी झाल्या. या वेळी दोरी दोनदा अडकली, दोन्ही वेळा पाय टेकायच्या खुंटीत. खुंटी काढता येत नव्हती. चिमटीने जुना जाड टॉवेल ओला करून माझ्या पाठीवर पायांपाशी पसरला, खुंट्यांवरून. ओल्या टॉवेलवर दोरी पडली की पडल्या जागी शांत राही. पुन्हा चाळीस. एकदाही नाही.

"चाळीसच्या चाळीस," चिमटी म्हणाली.

"पाण्यावर सांग," दादा म्हणाले. ओढून ओढून त्यांचे तळवे लाल झाले होते.

ती दुसरी सकाळ थंड आणि दमट होती. आकाश खाली आलेलं, पाण्यावर एकही सुरकुती नाही. चिमटी या वेळी काठावर थांबली. दादा होडीवाल्याची मोठी होडी घेऊन आमच्या मागोमाग निघाले. ती वल्हवताना पाठ पुढे असते, त्यामुळे ते सारखे मान वळवून आम्हाला शोधत आणि भलतीकडेच जात.

"दादा, तू माझ्या मागे आहेस की मी तुझ्या?"

"बोलू नकोस. समोर बघ."

ओढ्याच्या तोंडाशी पोचलो आणि आत्याने वल्हं थांबवलं. दादांची होडीही शेजारी येऊन निवांत झाली. आणि मग ते सुरू झालं.

आधी एक. माझ्या कडेशी पाण्यावर एक करड्या रंगाचा ठिपका वर आला, त्याची पाठ उकलली, आणि आतून एक कीटक बाहेर पडला. त्याचे पंख शिडासारखे उभे होते. मग दुसरा. मग शंभर. मग मोजता येणार नाहीत इतके. वर्षभर हे जीव तळातल्या दगडांखाली राहतात, पाण्यातच श्वास घेतात. मग एका सकाळी सगळे मिळून वर येतात, कातडं टाकतात आणि हवेचे होतात. पुढे त्यांना जेमतेम दोन दिवस मिळतात. खायला वेळ नसतो, आणि खाता येईल असं तोंडही त्यांना नसतं. तो दिवस याच सकाळचा, हे त्यांना कसं कळतं? माझ्या दोन्ही कडांवर ते चढून बसले. इतके हलके, की माझ्यामुळे बाजूला सरलेल्या पाण्यात कणभरही फरक पडला नसेल.

"हे काय आहे गं?" दादांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तीस वर्षं मी यासाठीच येते," आत्या म्हणाली. "माशाचं नंतर."

मासा आला. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, आणि तिथला कीटक नव्हता. आत्याने दोरी उचलली. मागे, पुढे, मागे, पुढे. पिसाची माशी वर्तुळाच्या मधोमध उतरली आणि खऱ्या शंभर कीटकांमध्ये बसून राहिली. माशाने तीच निवडली.

दोरी उठू लागली. पहिलं वेटोळं गेलं. दुसरं. दादांनी होडीची कड घट्ट धरली. तिसरं, चौथं. ओल्या टॉवेलवरून एकेक वेटोळं सुटत होतं. पाचवं, सहावं. माझ्या पाठीवर त्याला धरून ठेवायला काही नव्हतं. शेवटचं वेटोळं गेलं, दोरी सरळ झाली, आणि मी हलले. आत्याने वल्ह्याला हात लावला नव्हता. दीड-दोन किलोचा एक जीव मला आणि आत्याला ओढत खोल पाण्याकडे नेत होता, आणि मी ताठ, सरळ, त्याच्या मागे मागे जात होते. इतकी वर्षं लोकांनी मला हवं तिथे नेलं होतं. मासा नेईल तिथे मी पहिल्यांदाच गेले.

तो दमला तेव्हा आत्याने त्याला माझ्या कडेशी आणलं. अंगावर ठिपके होते, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. तिने हात ओले केले, पाण्यातच आकडा काढला आणि त्याला तसंच धरून ठेवलं. त्याचे कल्ले उघडत मिटत राहिले. मग एक झटका, आणि हातात फक्त पाणी.

आत्याने श्वास सोडला आणि मागे पाहिलं. दादा वल्ही टाकून, उजवा हात हवेत धरून बसले होते.

"दादा, झालं माझं. जायचं परत?"

"थांब," ते कुजबुजले. बाहीवर एक करडा कीटक बसला होता, दमट हवेत त्याचे पंख अजून ओले. "याचं वाळायचंय."

आम्ही थांबलो. मी, आत्या, होडी आणि दादा. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. तो उडून गेल्यावरच दादांनी वल्ही उचलली, आणि वचनाबद्दल पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

मित्रांनो, आता मी अंगणाच्या सावलीच्या बाजूला, जाड पट्ट्यांवर पालथी असते. माझी छिद्रं नीट पाहिलीत तर दिसतात, एकोणीस फिकट टिकल्या. तुमच्या ओळखीत एखादी जुनी होडी असेल तर तिला उन्हात टाकू नका, तिच्यावर डबे ठेवू नका, पाण्यातून आल्यावर पुसा. आणि तिच्यावर काही बसवायची हौस आलीच, तर ड्रिल हातात घेण्याआधी अंगणात बसून एकदा दोरी टाकून बघा. जमलं तर खडूसुद्धा घ्या. आणि दोरी ओढायला घरातल्या एखाद्या काळजीखोर माणसाला उभं करा. त्याला वेळ असतो.